ककुद्मीची कन्या आणि रतनपूरची राणी

कालप्रवासाची कथा म्हटली की आपल्या सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम वेल्स उभा राहतो. यात वाचकाचा दोष नाही. यंत्रावर बसून काळाच्या प्रवाहात मागेपुढे जाण्याची कल्पना त्या इंग्रज ग्रंथकाराने १८९५ साली इतक्या नेटकेपणाने मांडली, की तिच्यापूर्वीचे सारे प्रयत्न झाकोळून गेले. परंतु काळ ओलांडून आलेल्या माणसाची एक गोष्ट आपल्या पुराणांत कधीची सांगून ठेवलेली आहे, आणि ती चक्क मुलीचे लग्न जुळवण्यासाठी निघालेल्या बापाची गोष्ट आहे.

कुशस्थलीचा राजा रैवत ककुद्मी आपली कन्या रेवती हिला बरोबर घेऊन ब्रह्मलोकी गेला. मुलीस योग्य वर कोण, हे खुद्द ब्रह्मदेवालाच विचारावे असा त्याचा बेत. तेथे गंधर्वांचे गायन चालले होते. विष्णुपुराण तर हाहा आणि हूहू अशी त्या गवयांची नावेही देते. गाण्यात मध्येच बोलणे बरे नव्हे म्हणून राजा थांबला. त्याला वाटले, क्षणभर गेला. गाणे संपल्यावर त्याने मनातील वरांची नावे सांगितली, तेव्हा ब्रह्मदेवाला हसू आले. खाली पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली होती. ज्या राजपुत्रांची नावे राजाच्या ओठांवर होती त्यांचे पुत्र, नातू, पणतू तर राहोच, त्यांची गोत्रेदेखील आता ऐकू येत नव्हती. परत येऊन पाहतो तो कुशस्थलीच्या जागी द्वारका वसलेली. राजाने कन्या बलरामाला दिली आणि आपण तपाला निघून गेला. पुढची गंमत विष्णुपुराणातच आहे. जुन्या युगातील रेवती नव्या युगाच्या मानाने फारच उंच होती. तेव्हा बलरामाने नांगराच्या टोकाने तिला आपल्या मापाची करून घेतली!

या इवल्या कथेत आजच्या कालप्रवासाच्या कादंबरीची सारी सामग्री आहे. प्रवास आहे, दोन ठिकाणचा काळ वेगळ्या गतीने चालतो हा नियम आहे, परतल्यावरचा धक्का आहे आणि लग्नही आहे. दोन गोष्टी मात्र विचार करण्यासारख्या आहेत. पहिली ही, की जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती रेवती कथेत एक अक्षर बोलत नाही. दुसरी अशी, की सत्तावीस चतुर्युगे हा आकडा वाचून कोणाच्या काळजाला काही होत नाही. आकडा तो आकडाच. धक्का बसतो तो ती नावे मेली आहेत हे कळल्यावर. जे वर कथेत कधी आलेच नाहीत, ज्यांचे तोंडही आपण पाहिले नाही, त्या दुय्यमांहून दुय्यम पात्रांनी काळाचे ओझे उचलले आहे. परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. चार वर्षांनी रजेवर घरी जावे आणि आळीतील एकेका माणसाची चौकशी करू लागावे, म्हणजे ककुद्मीची अवस्था कळते. घर तेच असते. चौकशीची नावे जुनी झालेली असतात.

हा विषय निघण्याचे कारण असे. येथे मरोद्यास आमच्या बैठकीतील एक गृहस्थ कालप्रवासाची एक रहस्यमय कादंबरी लिहीत आहेत. कादंबरीचे स्थळ रतनपूर. दीडशे पाने लिहून झाली. नायक-नायिकेचे प्रेम उत्तम जमले, परंतु रहस्य वाटेत कोठे तरी उतरून गेले, आणि बाकीची पात्रे आत येऊन पाण्याचा तांब्या ठेवण्यापुरती उरली. हे असे का होते, आणि थोरामोठ्यांनी ते कसे सांभाळले, हे पाहू जाता मौज वाटली म्हणून हा लेख.

प्रणय आणि रहस्य यांचे भांडण मुळातच आहे. प्रणयाला वेळ हवा असतो. दोन माणसे एकमेकांकडे पाहत बसली की घड्याळ थांबले तरी चालते. रहस्याला थांबलेले घड्याळ चालत नाही. त्यात कालप्रवास आला की वाचकाला तिसरेच एक ओझे वाहावे लागते: हे कोणते साल, येथील रीत काय, मागच्या प्रकरणात जे घडले ते आता घडले की पुढे घडणार. अशा वेळी लेखक सर्वांत सोपी वाट धरतो. नायक आणि नायिका यांना एका दिवाणखान्यात बसवतो आणि उरलेल्या जगावर पडदा टाकतो.

कालिदासाने ही वाट धरली नाही. महाभारतातील शकुंतलेच्या आख्यानात शापही नाही आणि अंगठीही नाही. तेथे दुष्यंताला सारे आठवत असते आणि तो आठवत नसल्याचे ढोंग करतो. कालिदासाने शाप आणि अंगठी घातली आणि एका साध्या प्रेमकथेत रहस्य निर्माण केले. हे रहस्य त्याने कोणाच्या हाती दिले ते पाहावे. राजाच्या प्रेमाचा एकुलता एक साक्षीदार विदूषक. त्याला दुसऱ्याच अंकात राजधानीस पाठवून दिले, आणि जाताना, हे सारे थट्टेने बोललो, असे राजाने त्याला सांगूनही ठेवले. दुर्वासाचा शाप नायिकेने ऐकलाच नाही. ऐकला तो तिच्या दोन मैत्रिणींनी, आणि त्या कोमल मुलीला कशाला सांगा, म्हणून त्यांनी तो पोटात ठेवला. अंगठी सापडली ती कोळ्याला. त्याला चोर समजून शिपाई बडवीत घेऊन येतात, पुढे बक्षीस मिळाल्यावर तेच शिपाई त्याचे मित्र होऊन दारूच्या गुत्त्याकडे वळतात. त्या कोळ्याला दुष्यंताशी काही कर्तव्य नाही, शकुंतलेशी नाही. त्याने मासा कापला एवढेच. तरीही तो नसता तर सातवा अंक नाही.

यात कारागिरीचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. नायक-नायिका एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे त्यांना दिसत नाही. जे दिसायचे ते बाजूच्या माणसांना दिसते. त्यांच्यापैकी प्रत्येकाजवळ सत्याचा एकेक तुकडा आहे, आणि तो न देण्याचे प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. विदूषकाचे कारण त्याचा समज, मैत्रिणींचे कारण माया, कोळ्याला तर आपल्याजवळ काय आहे हेच ठाऊक नाही. पाने भरण्यासाठी घातलेल्या पात्रांकडून हे काम होत नाही.

आता वेल्सकडे वळू. त्याच्या कालयंत्राच्या कादंबरीत बहुतेक पाहुण्यांना नावेच नाहीत. वैद्य, मानसशास्त्रज्ञ, संपादक, नगराध्यक्ष असे धंद्यांवरून ते ओळखले जातात. नायकालाही नाव नाही. भविष्यात, ८०२७०१ या सालात, त्याला वीना नावाची एक चिमुकली भेटते. तिला तो पाण्यातून वाचवतो, ती त्याच्या मागे मागे राहते. याला प्रणय म्हणावे की वात्सल्य, हे वेल्सने अर्धवट ठेवले आणि ते शहाणपणाचे केले. ती वणव्याच्या रात्री हरवते. नायक परत येतो, पाहुण्यांना हकीकत सांगतो, कोणी विश्वास ठेवीत नाही. आणि मग त्याच्या खिशातून वाळलेली दोन पांढरी फुले निघतात. वीनाने ती गंमत म्हणून त्याच्या खिशात खोचली होती. वैद्यबुवा फुले उलटसुलट पाहतात आणि त्यांना जात ओळखता येत नाही.

या फुलांवर आम्ही लुब्ध आहोत. एका बाजूने ती प्रेमाची खूण आहे आणि दुसऱ्या बाजूने न्यायालयात दाखल करण्याजोगा पुरावा आहे. प्रणय आणि रहस्य यांचा तोल कसा सांभाळावा, या प्रश्नाला याहून आटोपशीर उत्तर क्वचित मिळेल. येथे दोघांसाठी वेगवेगळी प्रकरणे नाहीत. एकाच वस्तूने दोन्ही कामे केली आहेत. दुष्यंताची अंगठी तीच नव्हे काय?

योगायोग असा की ज्या १८९५ साली लंडनमध्ये हे यंत्र निघाले, त्याच साली पुण्यात हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' पत्रात 'उषःकाल' सुरू झाली. ती १८९७ पर्यंत चालली. हरिभाऊंना यंत्राची गरज भासली नाही. त्यांनी वाचकालाच उचलून सतराव्या शतकात नेऊन बसवले. ऐतिहासिक कादंबरी हा मराठीतील पहिला आणि सर्वांत लोकप्रिय कालप्रवास होय. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगडा'ने ती वाट पाडली, हरिभाऊंनी तिचा हमरस्ता केला. साप्ताहिक पत्रातून तुकड्या तुकड्यांनी कादंबरी द्यावयाची म्हणजे दर आठवड्यास वाचकाला कोड्यात ठेवणे आले. म्हणून भुयारे आली, वेषांतरे आली. आणि कुटुंबात मोठ्याने वाचले जाणारे पत्र असल्यामुळे प्रणयाला मर्यादाही आली. ती मर्यादा पथ्यावर पडली, असे आमचे मत आहे.

तरी १९०३ मध्ये 'गड आला पण सिंह गेला' लिहिताना हरिभाऊंनाही प्रणयाच्या अंगाने काही तरी हवेसे वाटले, आणि त्यांनी उदयभानूच्या ताब्यात सापडलेली कमलकुमारी गडावर आणली. तिच्यासाठी कोणी बखरी चाळू नयेत. ती कादंबरीच्या सोयीने तेथे आली आहे. तिच्या सुटकेचा प्रश्न गडाच्या लढाईला जोडला गेला, त्यामुळे कथेला घाई आली हे खरे. परंतु पुस्तक मिटल्यावर मराठी माणसाच्या मनात कोण राहते? तानाजी राहतो हे सांगावयास नको. त्याच्यामागून आठवतो तो शेलारमामा. परंपरा सांगते की पुतण्याभाच्यांच्या वयाच्या पोरांत तो म्हातारा गडावर चढला आणि तानाजी पडल्यावर उदयभानूशी भिडला. आठवतो सूर्याजी, परतीचे दोर कापून टाकणारा. आणि आठवते ते रायबाचे राहिलेले लग्न. ज्या लग्नाचे आमंत्रण देण्यास बाप आला आणि देण्याचे राहून गेले. कमलकुमारीचे दुःख हरिभाऊंनी पानेच्या पाने लिहिले. रायबाच्या लग्नाला पोवाड्यात चार-दोन ओळी मिळाल्या. लोकांनी चार-दोन ओळी ठेवून घेतल्या. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचा हा प्रसंग साडेतीनशे वर्षे टिकला तो त्या म्हाताऱ्या मामाच्या आणि न झालेल्या लग्नाच्या आधारावर, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

येथे एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे, कारण ती आपणां परप्रांतस्थांच्या अभिमानाची आहे. ज्यूल व्हर्नची चंद्रावरील सफरीची कादंबरी मराठीत आणली ती कोचीनच्या 'केरळकोकिळा'ने, १९०० साली, कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या हातून. मलबारच्या किनाऱ्यावर बसून एक मराठी संपादक चंद्रावर जात होता! परमुलखातील मराठी मासिके केवळ संक्रांतीच्या हळदीकुंकवाची वृत्ते छापतात अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे ध्यानी ठेवावे.

रहस्यकथेच्या बाजूविषयी फार लिहीत नाही. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सला मराठी पोशाख चढवला, आणि पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहून रहस्यकथा खेड्यापाड्यांतील वाचनालयांत पोचवली. अर्नाळकरांनी झुंजारला विजया ही पत्नीच देऊन टाकली, यात व्यवहारचातुर्य आहे. नायकाचे लग्न आधीच झालेले असले म्हणजे दर पुस्तकात नवे प्रेम जमवण्याची यातायात उरत नाही आणि नायिकेला साहसात हक्काने भाग घेता येतो. वाङ्मयीन टीकाकार अशा युक्त्यांना नाके मुरडतात. आम्ही मुरडीत नाही.

विज्ञानाच्या आधाराने लिहिलेल्या मराठी कालकथेचा विचार करावयाचा तर जयंत नारळीकरांपाशी थांबले पाहिजे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आपलीच आद्याक्षरे उलटी करून घेतलेले ते नाव. हा विश्वविख्यात शास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी निवर्तला. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आमच्या विषयाच्या अगदी मर्मावर बोट ठेवते. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे इतिहासाचे अभ्यासक. पानिपताचा निकाल उलटा लागता तर काय, या विचारात असताना त्यांना अपघात होतो, आणि ते अशा एका हिंदुस्थानात वावरू लागतात जेथे १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. पुण्याहून मुंबईला जाताना गाडीत त्यांना खानसाहेब नावाचे सहप्रवासी भेटतात. मुंबईत ते आपल्या मुलाची चौकशी करतात, आणि त्या नावाचा कोणी तेथे नोकरीस नाही असे उत्तर मिळते. मग ग्रंथालयात बसून ते स्वतःचेच इतिहासग्रंथ उघडतात आणि कोठे फाटा फुटला ते शोधू लागतात. भाऊसाहेबांच्या बखरीत सापडते: विश्वासरावांना लागलेली गोळी या इतिहासात त्यांना चाटून गेली होती.

या कथेत प्रणय मुळीच नाही. तरी ती कोरडी वाटत नाही, याचे कारण काय? आमच्या मते कारण तो नसलेला मुलगा. कचेरीच्या खिडकीपाशी बापाने मुलाचे नाव सांगावे आणि आतील माणसाने यादी पाहून मान हलवावी, एवढ्याच जागेत नारळीकरांनी कथेला रक्तमांस दिले. ककुद्मीच्या त्या मेलेल्या वरांप्रमाणे हाही मुलगा कथेत येत नाही, आणि त्याच्या न येण्यानेच आपण किती दूर आलो हे कळते. शेवटी गंगाधरपंत आपल्या जगात परततात, तेव्हा खिशात त्या दुसऱ्या बखरीचे एक पान उरलेले असते. राजेंद्र देशपांडे हा विज्ञानातील जाणकार मित्र आधी सारे भ्रम म्हणून उडवून देतो. पान पाहिल्यावर गंभीर होतो आणि उपपत्ती सांगू लागतो. वेल्सच्या नायकाच्या खिशात फुले होती, आमच्या गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचे पान! मराठी माणसाच्या खिशातून दुसरे काय निघणार, असे कोणी म्हटले तर आम्ही रागावणार नाही.

राजेंद्राविषयी मात्र आमची थोडी तक्रार आहे. खानसाहेबाला स्वतःचे काम आहे, स्वतःची गाडी गाठायची आहे. राजेंद्राला वाचकाला शास्त्र समजावून देण्यापलीकडे काही हवे आहे असे जाणवत नाही. शास्त्रीय कथांतील अशा मित्रांची एक जातच झाली आहे. त्यांना घर नसते, भूक नसते, दातदुखी नसते. शास्त्र तर सांगितलेच पाहिजे, पण सांगणाऱ्याला जेवायला उशीर होत आहे असे दाखवले तर शास्त्राचे काही बिघडत नाही.

प्रणय भरपूर ठेवूनही रहस्य राखलेले एक उदाहरण अमेरिकेतील आहे. जॅक फिनी याच्या १९७० सालच्या 'टाइम अँड अगेन' या कादंबरीचा नायक सायमन मॉर्ले १८८२ सालच्या न्यूयॉर्कमध्ये जातो. जाण्याचे कारण एक अर्धवट जळालेले जुने पत्र, आणि ते पत्र ज्या घराण्याकडे असते त्या घराण्याशी संबंध आहे तो त्याच्या विद्यमान काळातील मैत्रिणीचा. म्हणजे एका बाईने रहस्य दिले. तेथे गेल्यावर त्याचा जीव जडतो तो जुन्या काळातील ज्यूलिया नावाच्या मुलीवर. दोन स्त्रिया, दोन शतके. कोणत्या काळात राहावयाचे आणि कोणाबरोबर राहावयाचे, हे दोन प्रश्न एक होऊन जातात. फिनीला शहराचे वेड इतके, की मधली कित्येक पाने घोडागाड्या आणि दुकाने पाहण्यात जातात. उतावळ्या वाचकाला ती जड होतील. आम्हांस ती आवडली, कारण आम्हीही बदलीच्या गावी पहिले सहा महिने असेच हिंडत असतो.

आता आमच्या स्नेह्यांच्या रतनपूरकडे येऊ. आम्ही राहतो त्या मरोद्याला आज तांदुळ्याच्या पाण्याने भरणारा जलाशय, दल्लीराजहऱ्याकडे जाणारी रेल्वे आणि पोलादाच्या कारखान्याची वसाहत यांवरून लोक ओळखतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोविएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे भिलाईस आली. त्यांत मराठी माणसेही आली व आपण येथे प्रथमच आलो अशा समजुतीने राहू लागली. वास्तविक येथून हाकेच्या अंतरावरील दुर्ग गावात १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने आपला तळ केला होता आणि तेथून छत्तीसगड जिंकण्याची मोहीम चालवली होती.

त्या मोहिमेचा नायक भास्करपंत कोल्हटकर. रतनपुरास त्या वेळी हैहयवंशी राजा रघुनाथसिंह राज्य करीत होता. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी नोंदवलेली हकीकत अशी: राजा वृद्ध झाला होता, वर्षभरापूर्वी त्याचा मुलगा वारला होता, आणि त्या शोकातून तो उठलाच नव्हता. फौज येत आहे हे कळूनही त्याने काही केले नाही. भास्करपंतांनी तोफा डागल्या, राजवाड्याचा एक भाग ढासळला. तेव्हा राण्यांपैकी एक तटावर चढली आणि तिने पांढरे निशाण दाखवले. दरवाजे उघडले. शहरावर एक लाख रुपयांचा दंड बसला, खजिना गेला, आणि कित्येक शतकांचे हैहयांचे राज्य नावापुरते उरले. भास्करपंत पुढे बंगालच्या स्वारीत १७४४ साली अलीवर्दीखानाच्या दग्याने मारले गेले. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, १७८७ पर्यंत त्यांनी तेथून राज्य केले. रामटेकडीवरील त्यांचे राममंदिर आजही उभे आहे. त्यांच्यामागून सुभेदार आले, कमाविसदार, फडणीस, बरारपांडे, पोतदार आले. १८१८ नंतर इंग्रजांची देखरेख आली आणि १८५४ मध्ये सारेच खालसा झाले. ते कमाविसदार म्हणजे बदलीवर आलेले आपले पूर्वज. त्यांनाही घरच्या पत्राची वाट पाहावी लागली असेल.

आमच्या स्नेह्यांनी आपल्या नायकाला, भिलाईतील एका मराठी अभियंत्याला, १७४१ च्या रतनपुरात पाठवले आहे. तेथे राणीच्या एका दासीवर त्याचे मन बसते. इथवर ठीक. पुढे ते असे करतात की नायकाला इतिहास ठाऊक असल्यामुळे तोच दासीच्या मार्फत राणीला निरोप पाठवतो: निशाण दाखवा, नाही तर सर्वनाश होईल. राणी निशाण दाखवते. प्रेम सफळ, रहस्य उलगडले, प्रकरण समाप्त.

आमचा आक्षेप येथे आहे आणि तो केवळ कारागिरीचा नाही. साऱ्या हकीकतीत स्वतःच्या बुद्धीने काही तरी करणारे रतनपूरचे एकच माणूस आहे. राजा बसून राहिला. तटावर चढली ती ही बाई. नोंद करणाऱ्यांनी तिला राण्यांपैकी एक म्हणून एका वाक्यात उरकले. अडीचशेच्यावर वर्षांनी एक मराठी कादंबरीकार तिच्याकडे वळतो तो तिचा तेवढा एक निर्णयही काढून मराठी अभियंत्याच्या पदरात घालण्यासाठी. भास्करपंतांनी खजिना नेला होता, हा त्याहून अधिक नेतो! आम्ही हे बैठकीत बोलून दाखवले, तेव्हा स्नेही म्हणाले, मग माझा नायक तेथे जाऊन करणार काय? प्रश्न रास्त आहे.

आमचे म्हणणे असे. त्याने काही करू नये; त्याला उशीर व्हावा. तो रतनपुरास पोचतो तेव्हा निशाण खाली उतरलेले आहे, मराठ्यांचे पहारे बसले आहेत, आणि ते निशाण कोणी व का दाखवले याविषयी शहरात प्रत्येकजण वेगळे सांगतो आहे. येथे रहस्य सुरू होते. ते राणीचे रहस्य आहे. तिने घाबरून केले, की हिशेबाने केले? राजाला विचारून केले, की त्याच्या शोकाला कंटाळून? तिला मुलगा होता काय, की मेलेला तोच तिचा? मग ती दासी नायकाला भेटू द्यावी. तिचे प्रेम खरे असू द्यावे. परंतु तिला जे ठाऊक आहे ते तिने सांगू नये, कारण तिचे मीठ राणीचे आहे आणि हा मनुष्य जिंकणाऱ्यांची भाषा बोलतो. प्रेम जसजसे वाढेल तसतशी तिची अडचण वाढेल. आणि वाचक त्यांच्या भेटींची वाट पाहील ती केवळ भेटींसाठी नव्हे. शकुंतलेच्या मैत्रिणींनी जे मायेपोटी लपवले ते हिने इमानापोटी लपवावे.

राहिली बाकीची माणसे. छत्तीसगडी माणूस आपल्या लिखाणात बहुधा दोनच रूपांत येतो, घरकामाची बाई किंवा रस्ता दाखवणारा म्हातारा. वर्षानुवर्षे येथे राहूनही आम्हांपैकी कित्येकांना त्याच्या बोलीतील दहा वाक्ये नीट बोलता येत नाहीत, ही लाजेची गोष्ट आहे. परंतु कादंबरीत तरी ती दूर करता येईल. तटाखालच्या तळ्यावर कपडे धुणाऱ्या परटिणीला त्या दिवशी लाख रुपयांच्या दंडाची चिंता नव्हती. आपल्या वाट्याला त्यातील किती येणार याची होती. तोफेच्या गोळ्याने ज्याची भिंत पडली त्या वाड्यातील माळ्याला राणीचा राग असेल, की हेच एक दिवस आधी केले असते तर आपला मुलगा वाचला असता. कुणी म्हाताऱ्या सरदाराला तिने राज्य बुडवले असे वाटत असेल. भास्करपंतांच्या फडावरील एखादा कारकून, आमच्यासारखाच, दंडाचा हिशेब मांडताना त्या बाईचे नाव काय लिहावे म्हणून अडला असेल, आणि शेवटी नाव न लिहिताच पुढे गेला असेल. हा कारकून आम्हांस फार जवळचा वाटतो. कित्येक टिपणांत आम्हीही असेच पुढे गेलो असू.

नायक परत येताना त्याच्या खिशात काय असावे, यावर आमच्या बैठकीत दोन संध्याकाळी वाद झाला. कोणी मोडीतला कागद सुचवला, कोणी नाणे. कागद नारळीकरांचा झाला, नाणे फार स्वस्त. आमची सूचना कापडाच्या चिंधीची आहे. तटावरून दाखवलेले ते पांढरे निशाण कोठून आले, हे कोणी विचारीत नाही. लढाईची तयारीच न केलेल्या राजवाड्यात तहाचे निशाण शिवून ठेवलेले नसणार. ते तिने कोणाकडे मागितले असेल? मुलाच्या मृत्यूने शोकात असलेल्या घरात पांढरे वस्त्र कोणाच्या अंगावर असते? ते काठीला कोणी बांधले, तटाच्या जिन्याची किल्ली कोणाजवळ होती, आणि त्याने ती राणीच्या हाती दिली तेव्हा राजाला विचारले होते की नाही? आमच्या स्नेह्यांनी पहिले प्रकरण त्या किल्लीवाल्यापासून लिहावयास घेतले आहे.